दावे, फास आणि लासो



आजच्या भाषणाचा विषय एक परदेशी शब्द आहे. पण त्याच्या मागोमाग चालत गेलो की आपण येऊन पोचतो ते आपल्याच गोठ्यात, आणि तिथून पुढे गावाबाहेरच्या पालांपाशी. हा शब्द आहे 'लासो'.

पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात, हिंजवडीला लागून माण नावाचे गाव आहे. सातारा जिल्ह्यातला माण तालुका तो वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नये. मुळशीतले हे माण भाताच्या खाचरांचे गाव. आज त्याच्या शिवारात माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या उंच इमारती उभ्या आहेत. अशा कचेऱ्यांतून संगणकावर चित्रांचे काम करणाऱ्यांच्या तोंडी 'लासो' हा शब्द सहज येतो. चित्रातला हवा तेवढाच भाग उचलायचा असला, की त्याच्याभोवती रेघेचा वेढा टाकायचा. वेढ्यात आले ते आपल्या हाती, बाहेर राहिले ते सुटले. या वेढा टाकणाऱ्या हत्याराला त्यांनी नाव दिले आहे लासो. आकडेशास्त्रातही १९९६ साली रॉबर्ट टिबशिरानी यांनी एक रीत मांडली. एखाद्या गोष्टीची शेकडो कारणे समोर असताना त्यातली मोजकी, खरोखर महत्त्वाची कारणे धरून ठेवायची आणि बाकीची सोडून द्यायची, अशी ती रीत. तिचे नाव पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेले आहे, आणि तेही लासो असेच होते.

आता गंमत पहा. त्याच शिवारात ज्यांच्या दारी अजून बैल आहेत, त्या घरातल्या आजोबांना विचारा, "लासो म्हणजे काय हो?" ते म्हणतील, "कोण जाणे बुवा." आणि कचेरीतल्या तरुणाला विचारा, "म्होरकी म्हणजे काय?" तोही गप्प बसेल. दोघांच्याही हाती जनावर बांधण्याच्या दोरीचेच नाव आहे. पण एकाचा शब्द दुसऱ्याला ओळखीचा नाही. म्हणून आज दोघांची ओळख करून द्यावी असे मनात आहे.

आधी वस्तू पाहू, मग शब्द. लासो म्हणजे फेकून मारायची दोरी. हा दोर जरा ताठ, कडक लागतो, लिबलिबीत चालत नाही. त्याच्या एका टोकाला लहानसे कडे केलेले असते. त्या कड्यातून दोराचे दुसरे टोक ओवले, की मोठा सरकता फास तयार होतो. घोड्यावर बसलेला गुराखी हा फास डोक्यावर गरगर फिरवतो. फिरवल्यामुळे फासाचे तोंड उघडे राहते. मग नेम धरून तो पळत्या गुराच्या शिंगांवर, मानेवर किंवा पायांवर टाकतो. गूर पुढे ओढ घेते आणि त्याच्याच ओढीने फास आवळतो. दोराचे उरलेले टोक गुराखी खोगिराच्या पुढच्या खुंटीला गुंडाळतो, म्हणजे ताण हातावर न येता घोड्यावर येतो. असा दोर साधारण तीस फुटांचा असतो, आणि काही ठिकाणी साठ फुटांहूनही लांब वापरतात.

ही विद्या विशेष वाढली ती मेक्सिकोत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक तिथे गेले, तेव्हा घोडे आणि गाईगुरे त्यांनी बरोबर नेली. अफाट कुरणे, कुंपण नाही, गोठा नाही, आणि गुरे मोकाट वाढलेली. अशा गुरांना पकडायचे, डाग द्यायचे, औषध लावायचे, तर दुरून दोर टाकण्यावाचून इलाज नव्हता. त्यातून घोडेस्वार गुराख्यांची एक जातच तयार झाली. स्पॅनिशमध्ये गाईला 'वाका' म्हणतात, म्हणून गुराख्याला 'वाकेरो'. आज मेक्सिकोत या घोडेस्वारीचे आणि दोर फेकण्याचे खेळ मोठ्या हौसेने होतात, आणि २०१६ साली युनेस्कोने त्या परंपरेची नोंद मानवजातीच्या वारशात केली. आपल्याकडे चाकण, खेड, मावळ, मुळशी या भागांत बैलगाडा शर्यतीच्या दिवशी जी गर्दी लोटते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मेक्सिकोच्या माणसाची हौस समजायला वेळ लागणार नाही.

फास टाकणे ही मात्र एकट्या मेक्सिकोची विद्या नव्हे. ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला. त्याच्या फौजेत सगार्ती नावाच्या टोळीचे स्वार होते, आणि ते कातडी दोरांचे फास टाकून शत्रूला ओढून घेत, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. फारसीत अशा फासाला 'कमंद' म्हणतात. मंगोलियातला गुराखी लांब काठीच्या टोकाला फास बांधून घोडे धरतो. युरोपच्या उत्तर टोकाचे सामी लोक रेनडियर पकडायला फासच वापरतात. जिथे जिथे कळप मोठे आणि कुरणे मोकळी, तिथे तिथे माणसाला ही युक्ती सुचली.

आता शब्दाकडे वळू. लॅटिन भाषेत फासाला 'लाक्वेउस' म्हणत. त्याचे स्पॅनिशमध्ये 'लासो' झाले, पोर्तुगीजमध्ये 'लासू' आणि इटालियनमध्ये 'लाच्चो'. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या स्पॅनिश गुराख्यांकडून 'लासो' इंग्रजीने उचलला. पण इंग्रजीत याच लॅटिन शब्दाचे एक वंशज कित्येक शतके आधीच, जुन्या फ्रेंचच्या वाटेने, येऊन बसलेले होते. ते म्हणजे 'लेस'. होय, बुटाची लेस! पूर्वी लेस म्हणजे दोरी, नाडी, फास. पुढे दोऱ्यांची गुंफण करून जी नाजूक जाळी विणतात, तिलाही लेस म्हणू लागले. म्हणजे शाळेत निघालेला मुलगा बुटाला बांधतो ती लेस, त्याच्या बहिणीच्या झग्याला लावलेली लेस, आणि मेक्सिकोच्या गुराख्याचा लासो, ही सारी एकाच आजीची नातवंडे आहेत. शब्द परका वाटला, तरी त्याचा भाऊबंद आपल्या घरात केव्हाच येऊन राहिला आहे.

या दोराला इंग्रजीत आणखी एक नाव आहे, 'लॅरियट'. स्पॅनिशमध्ये 'रेआता' म्हणजे बांधायची दोरी, आणि 'ला' हे तिच्यामागे लागणारे उपपद. ऐकणाऱ्या इंग्रजाला 'ला रेआता' हा एकच शब्द वाटला, आणि दोन शब्दांची गाठ बसून 'लॅरियट' झाला. अल्कोहोल या शब्दात अरबी 'अल' असाच चिकटून आला आहे. कानाने घेतलेले शब्द असे जोडून येतात. त्यात अडाणीपणा काही नाही, भाषेची ती रीतच आहे.

इथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना. वर्गात कोणी हुशार मूल म्हणेल, "गुरुजी, लासो आणि फास यांत 'आस' सारखेच आहे. म्हणजे फासाचाच लासो झाला असेल!" त्याचे कौतुक करावे, पण उत्तर मात्र 'नाही' असे द्यावे. आवाज जुळला म्हणजे नाते जुळले असे होत नाही. लासोचे घराणे लॅटिन, आणि फासाचे घराणे संस्कृत. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच वस्तूपाशी थांबले आहेत.

आपला 'फास' आला तो संस्कृत 'पाश' यापासून. 'प' चा 'फ' झाला. हिंदीत फाँस, फाँसी, फाँसना आणि मराठीत फास, फासा, फाशी, गळफास, अशी त्याची पुढची पिढी. पाशाच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा अर्थ बांधणे, पक्के करणे. भाषाशास्त्रज्ञ लॅटिनमधल्या 'पाक्स' या शब्दाचे नातेही त्याच मुळाशी जोडतात. पाक्स म्हणजे तह, शांतता, आणि इंग्रजीतला 'पीस' त्यापासून निघाला. दोन पक्षांना शब्दाने बांधले की तह होतो, आणि एका जिवाला दोरीने बांधले की पाश होतो. बांधणे एकच, पण केवढा फरक!

पाश आपल्या देवादिकांच्या हातीही आहे. वरुणाच्या हाती पाश, यमाच्या हाती पाश. महाभारतातल्या सावित्रीच्या कथेत यम सत्यवानाचा अंगठ्याएवढा जीव पाशाने बांधून नेतो. इंद्रजिताने राम-लक्ष्मणांना नागपाशात बांधले, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. आणि आपला गणपती? त्याच्या एका हाती पाश आणि दुसऱ्या हाती अंकुश. दोन्ही वस्तू माहुताच्या. रानातला हत्ती धरायचा तो फासाने, आणि चालवायचा तो अंकुशाने. हत्तीचे मुख असलेल्या देवाच्या हाती त्या असाव्यात, हे मोठे अर्थपूर्ण आहे.

हत्तीवर फास टाकण्याची ही विद्या आसामात अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती. शिकवलेल्या हत्तीणीच्या पाठीवर बसून रानटी हत्तीच्या गळ्यात दोर टाकायचा. तिथे फासाला 'फांद' म्हणतात आणि तो टाकणाऱ्याला 'फांदी'. १९७७ साली हत्तीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, आणि हा धंदा मोडला. आसामच्या पार्वती बरुआ या बाईंनी ही विद्या वडिलांकडून घेतली. पुढे वाट चुकून शेतात शिरलेल्या हत्तींना रानात परत लावण्यासाठी त्यांनी ती वापरली, आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आपल्या देशात लासो फेकणारा गुराखी नसला, तरी लासो फेकणारा माहूत होता.

एक शब्द तेवढा सांभाळून वापरावा. 'केशपाश' म्हणजे केसांचा फास नव्हे. केसवाचक शब्दाच्या पुढे 'पाश' आला, की संस्कृतात त्याचा अर्थ भरपूर संभार असा होतो. बाहुपाश, मोहपाश यांत मात्र पाश म्हणजे बंधनच.

आता मुख्य प्रश्न. मराठी मुलुखात गुरे काही कमी नव्हती. मग गुरांवर फास फेकणारा गुराखी, आणि त्याच्या दोराला खास नाव, आपल्याकडे का नाही? उत्तर आपल्या गोठ्यात आहे. आपले जनावर मोकाट वाढत नाही. वासरू जन्मले की थोड्याच दिवसांत त्याच्या गळ्यात दावे येते. सकाळी रानात, सांजेला दावणीला. ज्याला धरून आणावे लागत नाही, त्याच्यावर दोर फेकायचा कशाला? म्हणून आपल्याकडे फेकण्याचा शब्द वाढला नाही, बांधण्याचे शब्द मात्र गोठाभर झाले.

मोजून तर पहा. खुंट्याला बांधायचे ते दावे. सारी गुरे ओळीने बांधायची जागा ती दावण. तोंडावर घालायची ती म्होरकी. नाकातून ओवायची ती वेसण. औत हाकताना हातात धरायचा तो कासरा. पळपुट्या गुराच्या गळ्यात अडकवायचे ते लोढणे. मोट चालू असतानाचा नाडा आणि सोल. लांबच लांब दोर तो चऱ्हाट. यातला प्रत्येक शब्द पुढे माणसाच्या बोलण्यात शिरला. माणूस हाताबाहेर गेला की आपण म्हणतो, "त्याला वेसण घाला." लाचार झाला की म्हणतो, "सावकाराच्या दावणीला बांधला गेला." नको ती जबाबदारी आली की, "गळ्यात लोढणं आलं." कोणी बोलत सुटला की, "चऱ्हाट वळतोय." वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गोठा मोडलेल्या घरातसुद्धा हे बोलणे चालू आहे.

या शब्दांची कुळेही पाहण्यासारखी आहेत. दावे आणि दावण हे संस्कृत 'दामन्' म्हणजे दोरी, यापासून आले. यशोदेने कृष्णाच्या पोटाला दावे बांधले, म्हणून तो 'दामोदर' झाला. दाम म्हणजे दावे, उदर म्हणजे पोट. गावातल्या कुणा दामूअण्णांना हे सांगा, त्यांना नवल वाटेल. संस्कृतात 'रश्मी' म्हणजे किरण, तसाच लगाम किंवा दोरही, आणि त्याच रश्मीपासून 'रस्सी' आली. वर्गातल्या रश्मीला आणि रस्सीखेच खेळणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

दोर वळण्याचे कामही शब्दांइतकेच आपले होते. अंबाडी, ताग, काथ्या, घायपात हा त्याचा माल. गावगाड्यात दोरखंड वळण्याचे काम मातंग समाजाकडे असे, आणि त्यांच्या दोरावाचून ना मोट चाले, ना औत चाले. घायपाताची एक गोष्ट मात्र ठाऊक हवी. बांधावर काटेरी पानांचे जे झाड आपण आपलेच समजतो, ते मूळचे मेक्सिकोकडचे. तिथला गुराखी त्याच कुळातल्या झाडाच्या वाखाचे लासो वळत आला आहे. तेव्हा लासो हा शब्द आपल्याकडे यायच्या आधी लासोचा वाख आपल्या बांधावर येऊन रुजला होता!

पण मंडळी, फास लावणारी माणसे महाराष्ट्रात नव्हतीच, असे मात्र समजू नका. ती होती आणि आहेत. त्यांचे नावच त्या फासावरून पडले आहे. फासेपारधी.

प्राकृतात शिकारीला 'पारद्धि' म्हणत. त्यावरून आपली 'पारध', आणि पारध करणारा तो पारधी. पारध्यांत अनेक शाखा आहेत. चित्ता पाळून त्याच्याकडून शिकार करवून घेणारे ते चित्तापारधी, आणि फासे लावून पशुपक्षी धरणारे ते फासेपारधी. त्यांचा फास फेकायचा नव्हे, मांडायचा. तित्तिर, लावे ज्या वाटेने चरत जातात, त्या वाटेवर बारीक खुंट्या रोवून फाशांची ओळच्या ओळ लावायची. पाखराचा पाय किंवा मान त्यात गेली, की त्याच्याच ओढीने फास आवळतो. मेक्सिकोच्या गुराख्याचा दोर आणि पारध्याचा हा नाजूक फास, दोहोंचे तत्त्व एकच, ओढ घेणाऱ्यानेच स्वतःला बांधून घ्यायचे.

यासाठी केवढे ज्ञान लागत असेल, याचा विचार करा. कोणते पाखरू केव्हा निघते, कुठल्या गवतात उतरते, कोणत्या आवाजाला उत्तर देते, हे सारे मुखोद्गत हवे. अलीकडे विदर्भातल्या माळरानांवर तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी शोधताना अभ्यासकांनी फासेपारध्यांच्या याच ज्ञानाची मदत घेतली आहे. जो पक्षी धरू शकतो, तो पक्षी राखूही शकतो.

पण या समाजाच्या वाट्याला आले ते निराळेच. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेत लागू झाला, आणि १९११ च्या कायद्याने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात त्याला वाट मिळाली. पारध्यांसारख्या अनेक फिरत्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. एखाद्याने चोरी केली की नाही, हा प्रश्नच नाही. तो त्या जमातीत जन्मला, एवढे पुरे. हाताचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती, आणि 'सेटलमेंट' हा इंग्रजी शब्द तिथे कुंपणाचाच पर्याय होऊन बसला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, आणि या जमातींना 'विमुक्त' म्हणजे सुटलेले, असे नाव मिळाले. शब्द पुन्हा दोरीचाच आला. आधी बांधले होते, म्हणून तर सोडावे लागले.

पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीबरोबर फास लावणेही गुन्हा ठरले. रान राखायचे, तर ते योग्यच होते. पण ज्यांचे पोट फाशावर होते, त्यांच्या हातून फासा सुटला आणि दुसरे साधन हाती आले नाही. जमीन नाही, मुक्कामाला गाव नाही, म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून शाळा नाही. कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या मनातला शिक्का तसाच राहिला. गावात चोरी झाली, की पहिली बोटे अजूनही पालांकडे वळतात. ही गाठ कायद्याने सुटलेली नाही.

ती सोडवू पाहणारी माणसेही याच महाराष्ट्रात आहेत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. ते स्वतः त्याच समाजातले, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळेचे नाव त्यांनी ठेवले 'प्रश्नचिन्ह'. आणि माणपासून फार लांब नाही, अशा चिंचवडमध्ये गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् चालते. तिथे पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त समाजांतली मुले शिकतात. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

माझे सांगणे विशेषतः शिक्षकांना आहे. तुमच्या हजेरीपुस्तकात एखादे दिवशी फासेपारधी समाजातल्या मुलाचे नाव येईल. इतर मुले कुजबुजतील. 'फास' म्हटले की त्यांना फाशी आठवते, गळफास आठवतो, आणि शेजारचा 'फसवणे' हा शब्दही कानात वाजतो. एका शब्दाभोवती एवढी भीती गोळा झाली आहे, की त्यात मुलाचा जीव गुदमरतो. त्या वेळी भाषेचा पाच मिनिटांचा तास घ्यावा. फळ्यावर 'फासा' लिहावा. सांगावे, की हे एका कामाच्या हत्याराचे नाव आहे. कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, तसाच पारध्याचा फासा. गणपतीच्या हाती आहे तो पाश, आणि यांच्या हाती होता तो फासा, एकाच शब्दाची ही दोन रूपे. साता समुद्रापलीकडे फास टाकणाऱ्या गुराख्याचा खेळ पाहायला लोक तिकीट काढून जातात. त्याच्या दोराचे नाव मोठमोठ्या संगणकांनी आपल्या कामाला घेतले आहे. मग आपल्याकडचा फासा टाकणारा तेवढा कमी प्रतीचा कसा?

त्यानंतर मुलांना घरोघर पाठवावे. आजोबांकडून, आजीकडून दोरीचे सगळे शब्द लिहून आणायला सांगावे. दावे, कासरा, म्होरकी, शिंके, सुतळी, जे मिळतील ते. पारधी मुलालाही सांगावे, की तुझ्या घरचे शब्द आण. कदाचित सगळ्यांत मोठी यादी त्याचीच भरेल. वर्गात गाठी बांधून पाहाव्यात. निरगाठ कशी घट्ट बसते आणि ओढून सुटत नाही. सुरगाठ कशी मोकळे टोक ओढले की चटकन सुटते. आणि सरकता फास कसा ओढावा तितका आवळत जातो. सुरगाठ नि फास, दोन्ही सरकतातच. फरक एवढाच, की सुरगाठीत सोडण्याचे टोक आधीपासून राखून ठेवलेले असते.

समाजाने माणसांना दिलेली नावेही अशीच असतात. काही नावे कामावरून पडतात, आणि काम गेले तरी मागे उरतात. ती फास होऊ द्यायची की त्यांत सोडण्याचे टोक राखायचे, हे नाव पुकारणाऱ्याच्या हाती असते. शाळेत ते नाव रोज सकाळी गुरुजी पुकारतात, बाई पुकारतात. ते स्वच्छ, मोठ्याने, इतर नावांसारखेच पुकारले जावे, आणि मुलाने मान वर करून "हजर" म्हणावे.